लावलंय, पण दिसत नाही: पेनड्राइव्ह, प्रिंटर, हार्ड डिस्क आणि बाकी यूएसबी वस्तूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या दुरुस्तीच्या काउंटरवर आणि फोनवर जे प्रश्न रोज येतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. सगळं पान वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. मात्र हार्ड डिस्कमध्ये किंवा पेनड्राइव्हमध्ये महत्त्वाचं काही असेल आणि स्क्रीनवर फॉर्मॅटची चौकट आली असेल, तर आधी 'फॉर्मॅट करू का?' हा प्रश्न वाचा. तोपर्यंत कशालाही ओके म्हणू नका. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून दिली आहेत.

'दिसत नाही' एवढं सांगितलं की तुम्ही उलटे प्रश्न का विचारता?

कारण 'दिसत नाही' हे चार वेगवेगळ्या दुखण्यांचं एकच नाव आहे. यूएसबीची वस्तू लावली की आधी पोर्टमधून ५ व्होल्ट मिळतात आणि ती जागी होते. मग ती डेटाच्या दोन तारांपैकी एक तार दीड किलो-ओहमच्या रेझिस्टरने वर ओढते. पोर्टवर कुणीतरी आलंय हे संगणकाला कळतं ते यावरून. मग संगणक तिला रिसेट करतो, आतला एक पत्ता देतो आणि ओळख विचारतो. उत्तरात कंपनीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक येतो, त्यावरून विंडोज ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू चालवणारा प्रोग्रॅम, शोधतं. पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क असेल तर शेवटी आतली फाइल सिस्टीम, म्हणजे फाइलींची मांडणी, वाचली जाते आणि ई, एफ असं एखादं अक्षर दिलं जातं.

यातली कुठलीही पायरी चुकली तरी गिऱ्हाईक म्हणतं, 'दिसत नाही'. उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा. वीजच पोचत नसेल तर ड्रायव्हर टाकून काही होत नाही, आणि अक्षर मिळालं नसेल तर केबली बदलत बसण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही विचारतो: दिवा लागतो का? लावताना 'टिंग' वाजतं का? डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या वस्तूंची विंडोजमधली यादी) काही हलतं का? तीच वस्तू दुसऱ्या संगणकावर काय करते? एवढं नीट कळलं की बहुतेक निदान फोनवरच होतं.

आणि घरी करून बघताना एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर तिन्ही एकदम बदलले आणि चालू झालं, तर दोष कशात होता ते कळत नाही. पुढच्या महिन्यात तेच दुखणं परत येतं.

ना आवाज, ना दिवा. काहीच होत नाही. सुरुवात कुठून करू?

दुसऱ्या पोर्टपासून. कॅबिनेट असेल तर मागचं पोर्ट घ्या, पुढचं नको. हब (एका पोर्टची अनेक पोर्टं करणारी डबी) मधे असेल तर काढा आणि वस्तू थेट लावा. त्यानंतर केबल बदला. त्यानंतर वस्तू दुसऱ्या संगणकाला लावा. दुसरीकडेही मेलेलीच असेल तर तुमच्या संगणकाला दोष देऊ नका.

दुसरीकडे चालत असेल आणि तुमच्या एकाही पोर्टवर काहीच चालत नसेल, तर संगणक बंद करा, भिंतीतली पिन काढा आणि पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. आत साठलेली वीज निघून जाते. पिन परत लावून सुरू करा. हा उपाय ऐकायला अंगाऱ्या-धुपाऱ्यासारखा वाटतो, पण यूएसबीचा कंट्रोलर अडकून बसलेला असेल तर तो असाच सुटतो. लॅपटॉपची बॅटरी आत बसवलेली असेल तर अॅडॉप्टर काढून बटण तसंच दाबून धरा.

पोर्टमध्ये एकदा टॉर्च मारून बघा. आतली प्लास्टिकची जीभ मोडलेली असते, किंवा सोनेरी पट्टी वाकून शेजारच्या पट्टीला टेकलेली असते. तसं असेल तर त्या पोर्टात दुसरं काही घालू नका. शॉर्ट होऊन सगळी पोर्टं बसू शकतात.

बंद करून चालू केलं, तरी तेच. मग रीस्टार्ट करून काय वेगळं होणार?

होतं. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे साठवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. 'रीस्टार्ट'मध्ये सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून 'रोज रात्री बंद करतो हो' हे उत्तर आम्ही धरत नाही.

त्याच केबलवर मोबाइल मस्त चार्ज होतो. मग केबल खराब कशी?

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: वीज, अर्थ आणि डेटाच्या दोन. स्वस्त चार्जिंग केबलीत डेटाच्या तारा नसतातच, किंवा वाकून वाकून आतल्या आत तुटलेल्या असतात. चार्जिंगला दोनच लागतात, त्यामुळे केबल चांगली वाटते. केबलची परीक्षा चार्जिंगवर नको, फाइल कॉपी करून घ्या.

पोर्टेबल हार्ड डिस्क पुढच्या पोर्टला लावली की नुसती 'टिक-टिक' करते. मागे लावली की चालते.

हा विजेचा प्रश्न आहे. यूएसबी २.० च्या पोर्टला ५०० मिलिअॅम्पिअर देण्याची अपेक्षा असते, ३.० च्या पोर्टला ९००. फिरत्या तबकडीची अडीच इंची डिस्क सुरू होताना काही क्षण त्याहून जास्त ओढते. मागची पोर्टं मदरबोर्डवरच असतात, पुढची मात्र कॅबिनेटच्या आतून बारीक केबलीने आलेली असतात. त्या वाटेत व्होल्टेज पडतं, डिस्क फिरायला लागते, दमते, परत प्रयत्न करते. ती टिक-टिक म्हणजे डिस्कचे हाल आहेत. लगेच काढा. हबला लावायचीच असेल तर स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब घ्या. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा अॅडॉप्टर लागतोच, तिचा नाद यूएसबीवर करू नका.

मागच्या पोर्टलाही तोच आवाज येत असेल, तर मात्र डिस्क आतून गेलेली असण्याची शक्यता मोठी. 'परत एकदा लावून बघतो' हे तिथेच थांबवा.

जाता जाता एक गंमत. निळ्या पोर्टमध्ये ३.० ची डिस्क अगदी हळूहळू खुपसली, तर ती २.० च्या वेगावरच बसू शकते. ३.० चे जादा पाच संपर्क वस्तू पूर्ण आत गेल्यावरच टेकतात. २.० चे चार आधी टेकतात आणि बोलणं सुरू होऊन जातं. वेग कमी वाटला तर काढून एका दमात पूर्ण आत लावा.

'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइझ्ड' असं येतं. ड्रायव्हर कुठला टाकू?

थांबा, अजून ड्रायव्हरपर्यंत गाडी गेलेलीच नाही. संगणकाने 'तू कोण?' विचारलं आणि समोरून नीट उत्तर आलं नाही, एवढाच या वाक्याचा अर्थ. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अशा वस्तूपुढे बहुतेक वेळा कोड ४३ असतो आणि 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं लिहिलेलं असतं. वस्तू कोणती हेच कळलेलं नाही, तर ड्रायव्हर कुणाचा टाकणार? केबल, पोर्ट, हब, वीज, याच क्रमाने बघा. वर सांगितलेला पॉवर बटणाचा उपायही करा. तीन संगणकांवर तेच वाक्य आलं तर वस्तू आतून गेली.

डिव्हाइस मॅनेजर उघडला. पिवळा त्रिकोण दिसतोय. आता?

विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबलं की जी यादी येते, त्यात डिव्हाइस मॅनेजर असतो. तो उघडा ठेवून वस्तू काढा आणि लावा. यादी क्षणभर लुकलुकली तर संगणकाला निदान धक्का तरी लागतोय. अजिबात हलली नाही तर दोष पोर्ट, केबल किंवा वस्तूत.

पिवळ्या त्रिकोणावर डबल क्लिक केलं की आत कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हर नाही, टाका. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण वस्तू सुरू होत नाही. २२ म्हणजे कुणीतरी मुद्दाम बंद केली आहे, राइट क्लिक करून चालू करा. ऑफिसात हा बऱ्याचदा सापडतो आणि 'मी नाही केलं' म्हणणारेही सापडतात.

ड्रायव्हर बिघडल्याचा संशय असेल तर त्याच वस्तूवर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा, वस्तू काढा, रीस्टार्ट करा आणि परत लावा. कीबोर्ड किंवा माउसवर हे करण्याआधी दुसरा जवळ ठेवा.

ड्रायव्हर शोधून देणारं फुकट सॉफ्टवेअर टाकू का?

नको. ड्रायव्हर वस्तू बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून किंवा विंडोज अपडेटमधून घ्या. त्या फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या जाहिराती काढण्यातच आमचा अर्धा दिवस जातो.

टिंग वाजतं, पण 'धिस पीसी'त ड्राइव्ह येत नाही.

इथे बातमी चांगली आहे. वीज, ओळख, ड्रायव्हर सगळं झालं, अडलंय ते शेवटच्या पायरीवर. विंडोज आणि एक्सच्याच यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली डिस्कची पट्टी दिसेल.

पट्टीला अक्षर नसेल तर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर' मधून एखादं मोकळं अक्षर द्या. ऑफिसात सर्व्हरचा फोल्डर एफ किंवा जी नावाने जोडलेला असतो आणि पेनड्राइव्हलाही विंडोज तेच अक्षर देऊ बघतं. दोघांच्या भांडणात पेनड्राइव्ह लपतो. पेनड्राइव्हला एक्स किंवा वाय असं शेवटचं अक्षर दिलं की भांडण मिटतं. डिस्क 'ऑफलाइन' लिहिलेली असेल तर ऑनलाइन करा. 'रॉ', 'अनअॅलोकेटेड' किंवा 'नॉट इनिशिअलाइझ्ड' असं लिहिलं असेल तर हात मागे घ्या आणि पुढचा प्रश्न वाचा. 'नो मीडिया' असेल आणि साइज शून्य दिसत असेल, तर पेनड्राइव्हचा कंट्रोलर मेला.

'यू नीड टू फॉर्मॅट द डिस्क' येतंय. फॉर्मॅट करू का?

आतलं काहीही नको असेल तर खुशाल करा. हवं असेल तर नाही.

ही चौकट म्हणजे विंडोजची कबुली आहे की आतली मांडणी त्याला वाचता येत नाही. कारणं वेगवेगळी असतात. डिस्क सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेली असेल, तर तिची मांडणीच वेगळी असते. मॅकवर वापरलेली असेल तर विंडोजला ती मांडणी कळत नाही. या दोन्ही डिस्का ठणठणीत असतात, त्यांना फक्त आपापल्या जागी परत लावायचं असतं. तिसरं कारण नेहमीचं: कॉपी चालू असताना पेनड्राइव्ह ओढून काढला किंवा वीज गेली, आणि फाइलींचा तक्ता बिघडला. चौथं कारण, डिस्क मरायला टेकली आहे.

लग्नसराईत फोटोग्राफर मंडळी याच चौकटीसह येतात. तीन लग्नांचे फोटो एकाच डिस्कवर, कार्ड पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरलेलं. अशा वेळी पहिलं काम म्हणजे डिस्क जशीच्या तशी, सेक्टर न् सेक्टर, दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवून घेणं. मग जे काही प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर. मूळ डिस्कवर चेकडिस्क चालवू नका. तो फाइल सिस्टीम दुरुस्त करायला बघतो, फाइली वाचवायला नाही, आणि आजारी डिस्कवर तासन् तास घासत बसतो. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकण्याचा प्रकारही आम्ही पाहिला आहे. तसं केलं की ज्या जागेत जुने फोटो होते तिथेच ते सॉफ्टवेअर जाऊन बसतं.

चुकून फॉर्मॅट झालंच असेल तर क्विक होतं की फुल, हे आठवा. क्विकमध्ये फक्त तक्ता नवा होतो, फिरत्या डिस्कवरून बराच माल परत निघतो. फुल फॉर्मॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्य लिहितो. त्यानंतर कुणी 'काढून देतो' म्हटलं तर आधी पैसे देऊ नका.

पेनड्राइव्ह उघडतो, पण आत फाइली नाहीत, नुसते शॉर्टकट आहेत.

झेरॉक्सच्या दुकानातून आला असणार. हा जुनाच व्हायरस आहे. तो खऱ्या फाइली लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक करू नका, त्यानेच तो तुमच्या संगणकात शिरतो. आधी अँटिव्हायरसने तपासा, मग फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून लपलेल्या फाइली दाखवायला सांगा. तिथेही दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स'ची टिक काढा. फाइली बहुधा जागेवरच असतात.

प्रिंटर कालपर्यंत चालत होता. आज टॅलीतून बिल सोडलं की 'ऑफलाइन'.

आधी सांगा, काल कुणी टेबल पुसलं का? गंमत नाही. साफसफाईत प्रिंटरची केबल निघते आणि परत लावताना शेजारच्या पोर्टला लागते. ज्या प्रिंटरमध्ये स्वतःचा सीरियल नंबर नसतो, तो दुसऱ्या पोर्टला गेला की विंडोजला नवाच प्रिंटर वाटतो. ते यादीत 'कॉपी १' नावाचा दुसरा प्रिंटर तयार करतं. टॅली मात्र बिल जुन्या नावालाच पाठवत राहते, आणि जुना आता कशालाच जोडलेला नाही. केबल जुन्या पोर्टला परत लावा, काम झालं. पोर्ट सापडत नसेल तर जुन्या प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सवर जाऊन यूएसबी००१ ऐवजी यूएसबी००२ किंवा जे नवं असेल त्यावर टिक करा. लक्ष्मीपुरीतल्या घाऊक दुकानांत जिथे डॉट मॅट्रिक्सवर दिवसभर बिलं फाटतात, तिथे आम्ही प्रिंटरच्या पोर्टशेजारी मार्करने खूणच करून ठेवायला सांगतो.

दुसरं कारण, 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर'. हे चालू असेल तर तुम्ही शेवटी ज्या प्रिंटरवर छापलं तो डिफॉल्ट होतो. एकदा पीडीएफ काढली की पुढचं बिल पीडीएफमध्येच जातं आणि माणूस प्रिंटर ठोकत बसतो. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

नवा प्रिंटर असेल तर आधी सॉफ्टवेअर टाका, ते सांगेल तेव्हाच केबल लावा. आणि केबल ५ मीटरपेक्षा लांब नको.

डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावलं, 'धिस पीसी'त दिसत नाही.

तिथे दिसायला तो काही पेनड्राइव्ह नव्हे. टोकन संगणकाला स्मार्ट कार्ड रीडर म्हणून दिसतं, त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिथे शोधा. टोकनचं स्वतःचं सॉफ्टवेअर टाकलेलं हवं. त्यात सर्टिफिकेट दिसत असेल आणि जीएसटीच्या पोर्टलवर दिसत नसेल, तर भानगड ब्राउझर आणि सही करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची आहे, टोकनची नाही.

सीए ऑफिसांत आढळणारी एक गोष्ट: टोकन सर्व्हरला लावलेलं असतं आणि माणूस रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर जातो. तिथे टोकन दिसणार नाही. रिमोट डेस्कटॉप तुम्ही ज्या संगणकासमोर बसला आहात त्याला लावलेली कार्डं पुढे नेतो, लांबच्या संगणकाची नाही. टोकन आपल्यासमोरच्या मशिनला लावा.

पासवर्ड आठवत नसेल तर अंदाजाने टाकत राहू नका, टोकन लॉक होतं. आणि 'इनिशिअलाइझ' केलं की सर्टिफिकेट पुसलं जातं, मग नवं काढण्यावाचून गत्यंतर नाही.

आधारचं बोटाचं मशीन लाल दिवा दाखवतं, पण पोर्टल म्हणतं 'नॉट रेडी'.

ड्रायव्हरबरोबर आरडी सर्व्हिसही (बोटाची माहिती पोर्टलला देणारा मशिनचा प्रोग्रॅम) लागते, आणि ती पाठीमागे चालू असावी लागते. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये बघा, बंद असेल तर चालू करा. अँटिव्हायरसने अडवली असेल तर तिला सूट द्या.

उद्यमनगरात मशिनला प्रोग्रॅम पाठवायला यूएसबी-टू-सीरियल केबल वापरतो. नवा लॅपटॉप घेतल्यापासून बंद.

हा प्रश्न फौंड्री आणि मशिन शॉपवाल्यांचा, आणि शाहू मार्केट यार्डात संगणकाला वजनकाटा जोडणाऱ्यांचाही. जुन्या सीएनसीला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनला) आणि काट्याला आरएस-२३२ चं नऊ पिनांचं तोंड असतं, नव्या लॅपटॉपला ते नसतं, म्हणून मधे ही केबल. केबलच्या डोक्यात एक चिप असते आणि सगळा खेळ तिचा आहे.

बाजारात प्रोलिफिकच्या चिपची नक्कल फार आहे. कंपनीच्या पुढच्या ड्रायव्हरांनी नक्कल ओळखायला सुरुवात केली. केबल लावली की कोड १० येतो आणि माणूस म्हणतो लॅपटॉप खराब. अस्सल पण जुन्या चिपलाही नवा ड्रायव्हर नाकारतो. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये वस्तूच्या नावाच्या जागीच 'फेज्ड आउट सिन्स २०१२' असं वाक्य येतं. अस्सल असेल तर ड्रायव्हर अपडेटमध्ये 'लेट मी पिक' निवडून जुनी आवृत्ती घेता येते. पण विंडोज अपडेट परत नवी टाकू शकतं. उत्पादन थांबवून बसण्यापेक्षा एफटीडीआयच्या अस्सल चिपची केबल घ्या, असं आमचं मत. सीएच३४० ची स्वस्त केबलही काट्यासाठी चालते. इंजिनिअरिंगची पोरं जे स्वस्त आर्डुइनो बोर्ड आणतात त्यातही बहुधा हीच चिप असते, ड्रायव्हर टाकला की बोर्ड दिसतो.

केबल दिसली, तरी मशिन बोलत नाही? कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोज सीरियल जोडणीला देतं तो, नंबर बघा. पोर्ट बदललं की कॉम ३ चा कॉम ११ होतो, आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत इतके नंबर नसतातच. पोर्ट सेटिंग्जच्या अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन खालचा मोकळा नंबर द्या. बॉड रेट, पॅरिटी आणि स्टॉप बिट (बोलण्याच्या वेगाची आणि पद्धतीची सेटिंगं) दोन्हीकडे एकच हवेत. त्यात फरक असेल तर काहीच जात नाही किंवा कचरा अक्षरं येतात.

शेडमधली शेवटची सूचना. मशिनची आणि लॅपटॉपची अर्थिंग वेगळी असेल तर केबल लावताना ठिणगी पडून पोर्ट जळतं. अशा जागी आयसोलेटर (दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवणारा भाग) असलेली केबल वापरा. महाग असते, पण मशिनच्या कार्डापेक्षा स्वस्त.

मग पेनड्राइव्हनेच प्रोग्रॅम दिला, तर सीएनसी मशिनला पेनड्राइव्ह दिसत नाही. संगणकावर तर चालतो.

६४ जीबीचा असेल. असे पेनड्राइव्ह एक्सफॅट मांडणीत येतात, आणि मशिनच्या कंट्रोलरला बहुधा फॅट३२ एवढंच कळतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉर्मॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ मिळत नाही, म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये आधीचा भाग काढून ४ किंवा ८ जीबीचाच नवा भाग करा आणि तो फॅट३२ करा. अर्थात यात आतलं सगळं जातं. फाइलींची नावं छोटी, इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि फोल्डरच्या आत फोल्डर करू नका. गाडीचा म्युझिक सिस्टीम आणि जुना टीव्ही यांनाही हेच लागू.

मोबाइल लावला तर फक्त चार्ज होतो.

स्क्रीनचं कुलूप उघडा, वरून नोटिफिकेशन खाली ओढा आणि 'फाइल ट्रान्स्फर' निवडा. आयफोन असेल तर त्याच्या स्क्रीनवर 'ट्रस्ट' दाबा. तरी नाही? केबलचा प्रश्न वर आहे.

टाइप-सीच्या भोकात खिशातली धूळ दाबून बसते. केबल पूर्ण आत जात नसेल तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई नको.

टाइप-सीची वस्तू एका केबलीवर चालते, दुसरीवर मेलेली.

दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलीवर मेलेली आणि ए-टू-सीवर (एका टोकाला जुनं मोठं यूएसबी) जिवंत असेल, तर दोष वस्तूत आहे. सी पोर्ट समोर ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर दिसल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि स्वस्त वस्तूंत काही पैसे वाचवायला तो घातलेलाच नसतो. साधी ए-टू-सी केबल वापरत राहा. सी पोर्टला मॉनिटर लावून चित्र येत नसेल तर पोर्टची माहिती वाचा. प्रत्येक सी पोर्टमधून चित्र येतंच असं नाही.

वायरलेस माउस अडखळतो, आणि तोही हार्ड डिस्क लावली की.

यूएसबी ३.० च्या केबली आणि पोर्टं चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात, आणि माउसची चकती (पोर्टला लावलेला छोटा रिसीव्हर) त्याच पट्ट्यात ऐकते. चकती डिस्कपासून लांबच्या पोर्टला, किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणून लावा.

वस्तू दर थोड्या वेळाने निघते आणि लागते. टिंग-टिंग चालूच.

केबल आणि पोर्टचं ढिलेपण बघून झालं असेल तर पॉवर सेव्हिंग बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'अलाव द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ'ची टिक काढा, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

तरीही चालू असेल तर अर्थिंग तपासा. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर उजळतो, तिथे अर्थिंग बहुधा नावालाच असतं. जुन्या पेठांतल्या वाड्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि मागे तिसरी तारच नसते. वायरमनकडून तपासून घ्या. दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर लॅपटॉपच्या धातूला जाणवणारी बारीक झिणझिण मात्र नेहमीची, तिला घाबरू नका.

बिघाड विंडोजचा की मशिनचा, हे घरी कळेल का?

कळतं. संगणक सुरू होतानाच बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची मशिनची स्वतःची सेटिंग) जा. यूएसबी कीबोर्ड तिथे चालत असेल आणि विंडोजमध्ये नसेल, तर दोष विंडोजकडचा. आणखी खात्री हवी असेल तर पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स सुरू करा, काही इन्स्टॉल न करता. तिथे तुमची वस्तू दिसली तर पोर्ट आणि मदरबोर्ड ठीक आहेत.

विंडोज ७ वर असाल तर आणखी एक अडचण. त्याच्याकडे यूएसबी ३.० चा स्वतःचा ड्रायव्हर नाही, निळी पोर्टं त्यामुळे मेलेली वाटतात. त्याला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेटही नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

पावसाळ्यातच हे जास्त का होतं?

जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा ओली. कपाटात पडून राहिलेल्या पेनड्राइव्हच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. सॅनिटायझर नको, रॉकेल नको, गरम हेअर ड्रायर नको.

पुराचं वेगळं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरी-लक्ष्मीपुरी भागात पाणी शिरलं तेव्हा जमिनीवर ठेवलेले सीपीयू सगळ्यात आधी बुडाले. इशारा आला की सीपीयू माळ्यावर आणि बॅकअपची डिस्क पाण्याबाहेरच्या नातेवाइकांकडे. बुडालेली डिस्क 'चालतेय का बघू' म्हणून लावू नका. फिरत्या डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून गाळ आत जातो आणि वीज मिळाली की हेड तोच गाळ तबकडीवर घासतं. उघडू नका, उन्हात वाळवू नका, तांदळात पुरू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे द्या.

दुकानात आणताना काय काय आणू?

वस्तू, तिची स्वतःची केबल आणि अॅडॉप्टर. नुसतं मशिन आणून 'केबल घरी राहिली' म्हटलं, तर दहातल्या निम्म्या वेळा दोष घरीच राहिलेला असतो. स्क्रीनवर आलेल्या वाक्याचा मोबाइलने फोटो काढून आणा. प्रिंटर असेल तर ज्या संगणकावर चालत नाही तोही आणा. लॅपटॉपचा पासवर्ड आठवून या, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लावलेलं असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की. ती नसेल तर डिस्क उघडणं आमच्या हातात नाही. डेटा हवा आहे की वस्तू चालू व्हायला हवी, हे आल्या आल्या सांगा, कारण दोन्हींची कामाची पद्धत वेगळी आहे आणि दरही.